शोधगंगा : चार वर्षे रोज वापरल्यानंतरचे मत

शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांनी मान्य केलेल्या पीएच.डी. प्रबंधांचे ऑनलाइन भांडार आहे आणि गेली चार वर्षे मी ते जवळजवळ रोज उघडते आहे. शिक्षिकेची नोकरी पूर्ण झाल्यावर मी बडोद्यातच शिक्षणशास्त्रातील पीएच.डी.साठी नाव नोंदवले. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या मुलांचे वर्गात काय होते, हा माझा विषय. शास्त्राच्या भाषेत तो आंतरसांस्कृतिक शिक्षणात मोडतो. माझा भाचा याच शहरात अभियांत्रिकीत एम.ई. करतो आणि नदीच्या पाण्याची पातळी मोजणारे स्वस्त उपकरण हा त्याचा प्रकल्प आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एकाच टेबलावर, एकाच संगणकावर, या दोन अगदी वेगळ्या विषयांसाठी आम्ही ही एकच सेवा वापरली, त्यामुळे तिचे गुण आणि तिच्या मर्यादा दोन्ही अंगांनी पाहता आल्या. माझे मत आरंभीच सांगते. ज्याच्या पाठीशी मोठ्या संस्थेचे ग्रंथालय नाही, अशा अभ्यासकासाठी एवढ्या मोलाची दुसरी विनाशुल्क सेवा माझ्या पाहण्यात नाही. मात्र प्रबंध कसा वाचायचा हे शिकून न घेता तिच्यात शिरले तर महिने वाया जातात, आणि माझे पहिले सहा-सात महिने तसे गेले.

ही सेवा विद्यापीठ अनुदान आयोगाचे, विद्यापीठांची ग्रंथालये एकमेकांशी जोडणारे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतील एक प्रकल्प म्हणून १९९१ साली त्याची सुरुवात झाली, १९९६ मध्ये ते स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाले आणि आज त्याचे ठिकाण गांधीनगरला आहे. आयोगाने २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि त्या नियमाच्या आधारावर हे भांडार वाढत गेले. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. चालू संशोधनाचे आराखडे ठेवण्यासाठी शोधगंगोत्री नावाचा वेगळा विभाग आहे. आपण निवडलेल्या विषयावर दुसरे कोणी काम करत आहे का, हे पाहण्यासाठी नवीन विद्यार्थ्याने आधी तेथे जावे.

या सेवेचे मोल मला विशेष वाटते, त्याला बडोद्याचे एक कारण आहे. भारतातील शिक्षणविषयक संशोधनाचा पहिला मोठा आढावा याच शहरात तयार झाला. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली देशभरातील शिक्षणविषयक संशोधनाचे सारांश एकत्र करण्यात आले आणि १९७४ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पुढचे खंडही निघाले आणि माझ्या पिढीच्या शिक्षकांना संशोधन म्हणजे काय, हे पुष्कळदा त्या जाडजूड खंडांतूनच कळले. एका प्रबंधाला पान-अर्धे पान मिळायचे: उद्देश, नमुना, साधने, निष्कर्ष. त्यावरून एखादे काम आपल्या उपयोगाचे आहे असे समजले, तरी प्रत्यक्ष प्रबंध पाहण्यासाठी त्या विद्यापीठाच्या गावी जावे लागे, ओळखीचे पत्र न्यावे लागे आणि वाचनकक्षात बसून हाताने उतरवून घ्यावे लागे. मी बी.एड. करत असताना आमच्या एका प्राध्यापिका केवळ दोन प्रबंध पाहण्यासाठी रात्रीच्या गाडीने पुण्याला गेल्या होत्या, हे मला चांगले आठवते. बुच यांच्या खंडांनी कोणते काम कोठे आहे ते सांगितले. शोधगंगेने ते काम पूर्णच्या पूर्ण समोर आणून ठेवले. ज्यांनी आधीचे दिवस पाहिले आहेत त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. शोध घेतल्यावर प्रबंधाचे एक नोंदपान उघडते. त्यावर शीर्षक, संशोधकाचे व मार्गदर्शकाचे नाव, विद्यापीठ, विभाग, पूर्ण झाल्याचे वर्ष आणि बहुधा सारांश असतो. त्याखाली प्रकरणवार पीडीएफ फायलींची यादी असते. ०१ क्रमांकाला मुखपृष्ठ, मग प्रारंभीची पाने, अनुक्रमणिका, सारांश, त्यानंतर एकेक प्रकरण, पुढे परिशिष्टे आणि शेवटी ८० क्रमांकाची, निष्कर्ष व शिफारशींची फाईल. हा ८० आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मधल्या साठ-पासष्ट फायली गहाळ झाल्या असे मला वाटले होते. तो केवळ ठरवून दिलेला क्रमांक आहे. प्रत्येक नोंदीला १०६०३ या आकड्याने सुरू होणारा एक कायमचा ओळखक्रमांकही असतो. संदर्भ देताना ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता न देता हा क्रमांक द्यावा, कारण तो बदलत नाही. मी पहिल्या वर्षी उतरवलेले कित्येक पत्ते पुढे उघडेनात आणि ते संदर्भ पुन्हा शोधण्यात एक अख्खी दिवाळीची सुट्टी गेली.

वाचनाचा क्रम मात्र फायलींच्या क्रमाप्रमाणे ठेवू नये. मी आरंभी पहिल्या प्रकरणापासून वाचत असे आणि प्रत्येक प्रबंधात शिक्षणाचे महत्त्व, शिक्षणाच्या व्याख्या आणि भारतीय शिक्षणाचा इतिहास हीच पाने पुन्हा पुन्हा वाचत बसे. माझ्या मार्गदर्शक बाईंनी एके दिवशी वही पाहिली आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही प्रस्तावनाच गोळा करताय. परिशिष्टापासून सुरुवात करा.” त्या सल्ल्यानंतर माझे काम खऱ्या अर्थाने मार्गी लागले. परिशिष्टात प्रश्नावल्या असतात, मुलाखतींची सूत्रे असतात, वर्गनिरीक्षणाचे तक्ते असतात, शाळांना पाठवलेल्या पत्रांचे मसुदेही असतात. नियतकालिकातल्या आठ-दहा पानी लेखात यातले काहीच मावत नाही. प्रश्न कसा विचारला, कोणत्या क्रमाने विचारला, मुलाला विचारला की आईला, यावर उत्तर किती अवलंबून असते, हे कळायचे तर साधन डोळ्यांनी पाहावे लागते.

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत “घरी कोणती भाषा बोलता?” असा एकच प्रश्न होता आणि जवळजवळ सगळ्या पालकांनी “मराठी” असे लिहिले. बहुभाषिक मुलांवरच्या प्रबंधांची परिशिष्टे वाचू लागल्यावर लक्षात आले की जाणकार संशोधक हा प्रश्न असा विचारतच नाहीत. कोण कोणाशी, कोणत्या प्रसंगी, कोणत्या भाषेत बोलते, असा तो फोडून विचारतात. मग मी प्रश्न फोडले. आजीशी काय बोलतोस, भावाशी भांडताना काय बोलतोस, हिशोब कोणत्या भाषेत करतोस, देवाला कोणत्या भाषेत सांगतोस. उत्तरे पूर्णपणे बदलली. प्रतापगंजातल्या एका घरी मी आजीबाईंशी बोलत बसले होते, तेवढ्यात सात वर्षांचा नातू दारातून म्हणाला, “आजी, मी बहार रमायला जाऊ?” वाक्याची घडण मराठी, पण ‘बहार’ आणि ‘रमणे’ हे शब्द गुजरातीतले, बाहेर आणि खेळणे या अर्थाचे. आजीने त्याला सुधारले नाही, “जा, पण लवकर ये,” एवढेच म्हणाल्या. शाळेत हेच वाक्य मराठीच्या तासाला चूक ठरते आणि गुजरातीच्या तासालाही चूक ठरते. माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण या एका वाक्याभोवती उभे आहे, आणि ते वाक्य ऐकण्याची तयारी माझ्या कानाला दुसऱ्यांच्या परिशिष्टांनी दिली, हे मी कृतज्ञतेने नोंदवते.

शोध घेताना शब्द कोणते वापरायचे, हा या सेवेतला सगळ्यात अवघड भाग आहे. युनेस्कोने २००६ साली आंतरसांस्कृतिक शिक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि परदेशी लेखांत ‘इंटरकल्चरल’ हा शब्द सर्रास आढळतो, म्हणून मी तोच शब्द टाकून शोधत राहिले. हाती फार थोडे लागले आणि भारतात या विषयावर काम झालेले नाही, असा चुकीचा निष्कर्ष मी माझ्या आराखड्यात लिहून मोकळी झाले. काम झालेले होते, नाव वेगळे होते. आपल्याकडे ते आदिवासी मुलांचे शिक्षण, भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळा, मातृभाषेचे माध्यम, त्रिभाषा सूत्र, स्थलांतरित मजुरांची मुले अशा शीर्षकांखाली आहे. कधी शिक्षणशास्त्रात, कधी समाजशास्त्रात, कधी भाषाविज्ञानात. विद्यापीठ आणि विभाग निवडून याद्या चाळण्याची सोय शोधगंगेत आहे. शब्दशोधापेक्षा ती संथ आहे, पण मला हवे असलेले निम्म्याहून अधिक प्रबंध तिच्यातूनच सापडले. आपल्या शहराचे नावही बडोदा, बरोडा आणि वडोदरा अशा तीन प्रकारे टाकून पाहावे. प्रत्येक वेळी वेगळी यादी येते.

भाच्याचा अनुभव वेगळा आहे आणि तो ऐकल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरातल्या वस्त्यांत शिरले, त्यानंतर त्याने हा विषय घेतला. पुलाखाली बसवलेले उपकरण ध्वनिलहरी पाण्याकडे सोडते आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. तंत्रज्ञानातले प्रबंध लवकर जुने होतात, त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वीच्या प्रबंधातले उपकरण त्याच्या कामाचे नसते, कारण ते सुटे भाग आता बाजारातच मिळत नाहीत. तरीही तो ते प्रबंध वाचतो, आणि का वाचतो हे त्याने मला एका संध्याकाळी आकडेमोड करून दाखवले. “मावशी, हवेत ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सेकंदामागे साधारण ०.६ मीटर. पहाटे आणि दुपारी दहा अंशांचा फरक पडला तर वेगात पावणेदोन टक्क्यांच्या आसपास फरक येतो. पाणी पाच मीटर खाली असेल तर तेवढ्याने मोजमाप सुमारे ९ सेंटीमीटरने चुकते. नदी जागची हललेली नसते आणि उपकरण सांगते की पाणी वर आले.” या चुकीचे गणित, ती दुरुस्त करण्यासाठी लावलेला तापमापक आणि दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे तक्ते प्रबंधांत सविस्तर मिळतात, तर प्रसिद्ध झालेल्या लेखांत बहुधा “योग्य ती दुरुस्ती केली” एवढ्यावर भागवलेले असते. त्याची मुख्य तक्रार अशी की संगणकीय प्रणाली आणि मूळ नोंदींचा विदा (डेटा) क्वचितच जोडलेला असतो. तक्ता पीडीएफमध्ये असला तर पाचशे आकडे हाताने पुन्हा टंकावे लागतात. ही उणीव प्रबंधाच्या ठरलेल्या स्वरूपातली आहे, आणि उपयोजित तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी ती दूर व्हायला हवी असे मलाही वाटते.

त्याच्या निमित्ताने बडोद्यातील आणखी एक गोष्ट मनात येते. येथील अभियांत्रिकी शिक्षणाचे मूळ सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या कलाभवनात आहे आणि त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह तांत्रिक शिक्षण देशी भाषांत देण्याचा होता. शोधगंगेवर मराठीतले प्रबंध पुष्कळ आहेत, पण ते मुख्यतः भाषा, इतिहास, समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांतले. तंत्रज्ञानाच्या बाबतीत भाच्याने मला मराठीत समजावून सांगितलेली वरची चार वाक्ये त्याच्या प्रबंधिकेत कोठेच येणार नाहीत, याची मला हळहळ वाटते.

लेख आणि प्रबंध यांतला फरक मी एवढा जोर देऊन सांगते, त्याला माझा एक कटू अनुभव कारणीभूत आहे. २०१६ च्या नियमावलीप्रमाणे प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक लेख प्रसिद्ध झालेला असणे आवश्यक होते. त्या घाईत मी सर्व विद्याशाखांचे संशोधन छापणाऱ्या एका नियतकालिकाकडे लेख पाठवला. दोन दिवसांत स्वीकृतीचे पत्र आणि शुल्काची मागणी आली. मी पैसे भरले. अंक हाती आला तेव्हा माझा लेख सौरपंपावरील एका लेखाच्या आणि ग्रामीण बँकांवरील एका लेखाच्या मध्ये होता, माझ्या तक्त्यातील दोन स्तंभांची अदलाबदल झाली होती आणि तज्ज्ञ परीक्षकाचा म्हणून एक शब्दही मला कधी मिळाला नाही. अनेक विषय एकत्र असण्याला माझा आक्षेप नाही. शोधगंगेत तर त्याहून कितीतरी अधिक विषय शेजारी शेजारी आहेत. पण प्रबंधामागे मार्गदर्शकाची सही असते, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल असतात, तोंडी परीक्षा असते, आणि मुख्य म्हणजे काम तपासून पाहता येईल एवढा तपशील वाचणाऱ्याच्या हाती असतो. लेख प्रसिद्ध करण्याची ती सक्ती आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत काढून टाकली. हा निर्णय मला योग्य वाटतो.

भांडारातल्या सर्व प्रबंधांचा दर्जा सारखा मात्र मुळीच नाही. विद्यापीठाने पदवी दिली की प्रबंध भांडारात येतो. चांगल्या-वाईटाची निवड येथे होत नाही आणि ते या सेवेचे कामही नाही. एकाच विषयावरच्या तीन प्रबंधांत संदर्भसाहित्याचे प्रकरण थोड्याफार फरकाने सारखेच आढळल्याचेही मी पाहिले आहे. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगाने केलेल्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे प्रमाणानुसार दुरुस्तीपासून साठ टक्क्यांवर नोंदणी रद्द होण्यापर्यंत कारवाई होते, आणि साम्य तपासणारी प्रणाली २०१९ पासून शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना मिळते. त्याआधीच्या प्रबंधांबाबत वाचणाऱ्यानेच सावध राहावे. मी आता नमुन्याचे प्रकरण आधी वाचते. किती शाळा, कशा निवडल्या, किती मुले मध्येच गळाली, हे जेथे स्पष्ट लिहिलेले नाही तेथे मी निष्कर्ष उतरवून घेत नाही.

जुन्या प्रबंधांचे स्कॅन हा एक स्वतंत्र विषय आहे. टंकलेखन यंत्रावर केलेले, कार्बन प्रतीवरून आलेले, शाईने हाताने दुरुस्त केलेले हे प्रबंध वाचताना मला आनंद होतो, पण त्यांच्या आतील मजकुरात शब्दशोध लागत नाही, कारण ती चित्रे आहेत. एका विद्यापीठाकडून आलेल्या एका प्रबंधात तक्त्यांची सगळी पाने आडवी आणि कडेला कापली गेलेली होती; नेमका ज्याच्यासाठी तो उघडला तो शेवटचा स्तंभ गेलेला. मराठी प्रबंधांत अडचण आणखी वेगळी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी झाली, त्यामुळे पडद्यावर उत्तम मराठी दिसते आणि एखादे अवतरण कॉपी करून आपल्या फाईलमध्ये टाकले की निरर्थक रोमन चिन्हांची रांग उमटते. फाईल जशी तयार झाली तशीच भांडारात येते, म्हणून ही जबाबदारी प्रबंध तयार करणाऱ्याची आणि तो पाठवणाऱ्या विद्यापीठाची आहे.

१ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ ही योजना सुरू झाली आणि केंद्र व राज्य शासनांच्या संस्थांतील विद्यार्थ्यांना सुमारे १३,००० नियतकालिके मोफत खुली झाली. भाच्याला तिचा मोठा उपयोग होतो. पण जी शिक्षिका नोकरी सांभाळून, कोणत्याही संस्थेत नाव नसताना अभ्यास करते, तिच्यासाठी आजही शोधगंगाच आहे, कारण येथे तुम्ही कोणत्या संस्थेचे, हा प्रश्न विचारला जात नाही. प्रबंधांना बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो. श्रेय देऊन, व्यापारी हेतू न ठेवता साहित्य वापरता येते. तरीही कोणाची प्रश्नावली वापरायची असेल तर संशोधकाला विचारून घ्यावे. मी तिघांना पत्र लिहिले; दोघांची उत्तरे आली, आणि एका बाईंनी तर छापील प्रबंधात राहून गेलेली दुरुस्तीही कळवली.

माझा प्रबंध पुढच्या महिन्यात सादर होईल. सगळा मजकूर युनिकोडमध्ये आहे, तक्ते उभ्या पानात बसवले आहेत आणि भाच्याच्या सांगण्यावरून त्यांतले आकडे वेगळ्या फाईलमध्येही दिले आहेत. परिशिष्टात दोन्ही प्रश्नावल्या ठेवल्या आहेत, चुकलेली पहिली आणि सुधारलेली दुसरी. पहिली काढून टाकावी असे टंकन करणाऱ्या मुलीने सुचवले होते. मी ती ठेवली आहे.